जुनी स्पोर्ट्स कार पुन्हा रस्त्यावर आणायची असेल तर

विकायला काढलेल्या अर्धवट गाड्या बघत गेलं की एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. सांगाडा एका कोपऱ्यात, इंजिन दुसऱ्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आणि शेजारी नट-बोल्टांनी भरलेली सात-आठ खोकी. विकणारा सांगतो, "सगळे भाग आहेत." असतातही. पण कुठला बोल्ट कुठला हे आता कुणालाच आठवत नसतं, आणि गाडी तिथंच अडते. अशीच एक गाडी घेऊन मी ती पुरी केली, म्हणून नव्या माणसाला सगळ्यात आधी हेच सांगतो: गाडी खोलायला दोन शनिवार-रविवार पुरतात, जोडायला दोन-तीन वर्षं जातात. एका वेळी गाडीचा एकच भाग उघडा. तो पुरा करा, परत बसवा आणि मगच पुढच्याला हात लावा. खाली जे सांगितलंय ते सगळं या एका नियमावर उभं आहे.

गाडी निवडताना आधी पत्रा बघा

नवा माणूस गाडी बघायला गेला की आधी बॉनेट उघडायला लावतो आणि इंजिनाचा आवाज ऐकतो. मी गुडघ्यांवर बसून दाराखालचा पत्रा बघतो. इंजिन बिघडलं तर ते बाहेर काढून टेबलावर ठेवून दुरुस्त करता येतं. सांगाडा कुजला असेल तर अख्खी गाडीच टेबलावर घ्यावी लागते.

यामागचं कारण समजून घ्या. १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी ही उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्या. तिला वेगळी चासी नाही, पत्र्याचं शरीर हाच तिचा सांगाडा. वर छप्पर नसल्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवायचं काम मुख्यतः दोन सिल, म्हणजे दारांच्या खालून जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ पट्ट्या, करतात. बाहेरून दिसणारी सिल ही एकच पट्टी वाटते, पण आत पत्र्याचे तीन थर असतात. बाहेरचा थर रंगवून चकाचक केलेला आणि आतल्या थरांची चाळण झालेली, असं सर्रास आढळतं. त्याच वर्षांत बनलेल्या ट्रायम्फ स्पिटफायरला खाली वेगळी चासी आहे, तरी तिच्याही सिल भार पेलतात, त्यामुळे 'चासी आहे, मग सिल कुजल्या तरी चालेल' हा हिशेब चुकतो. लोटस एलानचं शरीर फायबरचं, ते गंजत नाही. पण मधोमध असलेला तिचा पोलादी कणा गंजतो, आणि तो झाकलेला असल्यामुळे उशिरा कळतं.

पाहणीला जाताना खिशात तीन वस्तू ठेवा: बॅटरी, बोथट स्क्रू ड्रायव्हर आणि कापडात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक. चुंबक पत्र्यावरून हळूहळू फिरवा. जिथं तो धरत नाही तिथं रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. दाराची खालची कड, मागच्या चाकावरची कमान, हेडलाइटभोवतीचा भाग आणि डिकीची जमीन या जागा अजिबात सोडू नका. गाडीत पायाखालची जाजमं उचला. ओलसर वास आला तर पाणी कुठून येतं ते शोधा. मालकाची परवानगी घेऊन सिलच्या खालच्या कडेवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. निरोगी पत्रा खणखणतो, कुजलेला 'थप' असा मेलेला आवाज देतो आणि आतून खपल्या गळल्याचं ऐकू येतं.

मग दारं उघडून बंद करून बघा. दाराभोवतीची फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल, तर गाडी मधोमध खचलेली आहे. बिजागरीचा दोष असला तर दार उचलून लगेच कळतो. तो नसेल तर सिल गेल्या आहेत असंच धरा.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे काय काय हरवलंय. पिस्टन, बेअरिंग, ब्रेकचे भाग मिळतात. दाराच्या काचेची पट्टी, डॅशबोर्डवरचं घड्याळ, क्रोमची ती एक वाकडी पट्टी, हुडाच्या, म्हणजे दुमडत्या छताच्या, सापळ्याचे सांधे, या गोष्टी मिळता मिळत नाहीत. चालत नसलेली पण पूर्ण गाडी ही चालणाऱ्या पण अर्ध्या गाडीपेक्षा नेहमी बरी.

पहिल्याच खेपेला दुर्मीळ गाडी घेऊ नका. जिचे भाग आजही बनतात तीच घ्या. एमजीबी पाच लाखांच्या वर बनल्या आणि १९८८पासून तिचा अख्खा नवा सांगाडासुद्धा बनवून मिळू लागला. १९८९मध्ये आलेली माझदा एमएक्स-५ आता जुन्यांत मोजली जाते. तिचं काम सोपं आहे, फक्त मागच्या चाकांपुढचा सिलचा भाग नीट तपासून घ्या. कागदपत्रांचं एका वाक्यात सांगतो: चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

जागा आणि हत्यारं

गाडी मावेल एवढी जागा पुरत नाही. सोडवलेली गाडी उभ्या गाडीच्या दुप्पट जागा खाते. दारं, बॉनेट, सीट हे सगळं आडवं ठेवावं लागतं आणि भोवती चालायलाही लागतं. जमीन सपाट आणि पक्की हवी.

जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. उचललेली गाडी चार भक्कम जॅक स्टँडवर टेकल्याशिवाय डोकंसुद्धा खाली घालायचं नाही. स्टँडवर टेकल्यावर गाडीला कडेने चांगला धक्का देऊन बघा. हलायचीच असेल तर तुम्ही बाहेर असताना हलू दे. अग्निशामक नळकांडं दाराजवळ ठेवा, कामाच्या टेबलामागे नको. आग टेबलापाशीच लागते.

पाने घेण्याआधी तुमच्या गाडीचे आटे कुठल्या मापाचे आहेत ते शोधा. साठ-सत्तरच्या दशकांतल्या ब्रिटिश गाड्यांवर बहुतेक इंची पाने लागतात. त्याहून जुन्यांवर व्हिटवर्थचं वेगळंच माप भेटतं. जपानी आणि जर्मन गाड्या मिलिमीटरच्या. 'जवळपास बसतो' असा पाना लावलात की बोल्टाचं डोकं गोल झालंच म्हणून समजा. बारा कोनांच्या सॉकेटपेक्षा सहा कोनांचा सॉकेट जुन्या, गंजक्या बोल्टावर चांगली पकड घेतो. टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोरानेच बोल्ट आवळणारा पाना, पहिल्या दिवसापासून जवळ हवा.

पहिले पंधरा दिवस काही सोडवू नका

गाडी घरी आली की हात शिवशिवतात. तरी थांबा. जाड पुठ्ठ्याची एक वही घ्या आणि गाडीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत काय आहे, काय नाही, काय चालतं आणि काय चालत नाही हे लिहून काढा. फोटो काढा, आणि वाटतात त्याच्या तिप्पट काढा. नळ्या कुठून वळतात, वायरीची जुडी कुठल्या पट्टीखालून जाते, हँडब्रेकची तार कशाच्या वरून आहे आणि कशाच्या खालून, हे दीड वर्षानंतर कुणाच्याच डोक्यात राहत नाही.

याच दिवसांत जमलं तर इंजिन चालू करून बघा. चालू इंजिन जे सांगतं ते खोललेलं इंजिन सांगत नाही. मात्र गाडी वर्षानुवर्षं उभी असेल तर थेट चावी फिरवू नका. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका आणि इंजिनातलं तेल बदला. सगळे स्पार्क प्लग काढा आणि प्रत्येक भोकात थोडं पातळ तेल सोडून दोन-तीन दिवस मुरू द्या. मग इंजिनाच्या पुढच्या टोकाला असलेल्या क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवा. अडलं तर जोर करू नका. परत तेल सोडा, परत थांबा. आठवडाभरात सुटलेली इंजिनं मी पाहिली आहेत, आणि अधीर माणसाने लांब दांडा लावून तोडलेली पिस्टन रिंगही पाहिली आहे.

टायमिंग बेल्टच्या गाड्यांत आणखी जपा. पोर्शे ९४४मध्ये (१९८२ ते १९९१) बेल्ट तुटला किंवा दात सरकला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बेल्ट कधी बदलला ते माहीत नसेल तर स्टार्टरला हात लावण्याआधी बेल्ट बदला.

इंजिन फिरू लागलं की कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, तपासा. सगळे प्लग बाहेर, ठिणगी बंद, अॅक्सिलरेटरचं पेडल पूर्ण दाबलेलं, आणि प्रत्येक सिलिंडरला तेवढेच फेरे. आकडा किती मोठा येतो यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत याला महत्त्व आहे. दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असतील तर निर्धास्त राहा. एखादा खूप कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून परत मोजा. आकडा वर चढला तर रिंगा झिजल्या आहेत. तिथंच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर मधलं हेड गॅस्केट गेलं असावं. एवढं सगळं काहीही न उघडता कळतं. आकडे वहीत लिहा.

सोडवण्याची पद्धत

एका वेळी एक कप्पा. पुढचं डावं चाक म्हणजे फक्त पुढचं डावं चाक. उजवं तसंच जोडलेलं राहू द्या. जोडताना कुठं अडलात तर उजवीकडे बघायचं, नमुना समोरच असतो. दोन्ही बाजू एकदम खोलल्या की हा नमुना हातचा जातो.

बोल्ट सुटला की तो खोक्यात टाकायचा नाही. प्लॅस्टिकची पिशवी, आत बोल्ट, वायसर, नट ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने तारेत ओवून, आणि सोबत कागदाची चिठ्ठी: 'पुढचा डावा, खालचा आर्म, मागचा बोल्ट, डोकं पुढच्या बाजूला'. पिशवीवर बाहेरून लिहिलेली शाई तेलाने पुसली जाते, म्हणून चिठ्ठी आतच हवी. वॉटर पंपासारख्या भागाला वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट असतात. त्यासाठी पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढा, जागच्या जागी भोकं पाडा आणि बोल्ट त्यातच खोचून ठेवा.

अडलेला बोल्ट ही या छंदातली रोजची गोष्ट आहे. तारेच्या ब्रशने आटे साफ करा, गंज सोडवणारं तेल टाका आणि एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे दोन-चार सरळ घाव घाला आणि पाना आधी किंचित आवळायच्या दिशेने फिरवा. बारीक 'टक्' असा आवाज येतो, गंजाचा पापुद्रा तुटतो आणि मग तो उलटा सुटतो. सुटत असतानाही एका दमात बाहेर काढू नका. अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत, मध्ये तेलाचा थेंब. एवढ्यानेही नाही सुटला तर उष्णता द्यावी लागते. पेट्रोलची नळी, टाकी, रबर किंवा ब्रेकची नळी जवळ असेल तर ज्योत पेटवायची नाही. आणि एक नीट लक्षात ठेवा, रिकामी पेट्रोल टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, कारण ती वाफेने भरलेली असते. वेल्डिंगचं काम सुरू होण्याआधी टाकी गाडीतून काढून लांब नेऊन ठेवा.

लहान गंजक्या भागांसाठी मला सोड्याची पद्धत सगळ्यात आवडते. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी, चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. गंजका भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, टाकाऊ लोखंडाचा तुकडा धन टोकाला, दोघं एकमेकांना न चिकटता पाण्यात. दुसऱ्या दिवशी गंज काळ्या गाळासारखा सुटून येतो आणि चांगल्या धातूला धक्का लागत नाही. यातून हायड्रोजन निघतो, म्हणून बादली उघड्यावर ठेवा आणि वायरींना हात लावण्याआधी चार्जर बंद करा. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. स्प्रिंगा आणि भार घेणारे कडक बोल्ट या बादलीत घालायचे नाहीत, हायड्रोजनने ते ठिसूळ होऊ शकतात. अॅल्युमिनियमही नको, सोड्यात ते खाल्लं जातं.

सांगाडा

इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवा असं मला मनापासून वाटतं.

माझ्या पहिल्या गाडीची डावी सिल पुरती गेली होती. गाडी दोन टोकांना स्टँडवर टेकलेली, दार काढून भिंतीला लावलेलं. जुनी सिल मी एका दुपारी कापून काढली, नवी बसवली, वेल्डिंग छान झालं, घासूनपुसून प्रायमरही मारला. मग दार बसवायला घेतलं तर ते बंदच होईना. वरच्या बाजूला फट दोन मिलिमीटर, खाली सात. सिल कापल्याबरोबर गाडी मधोमध किंचित खाली बसली होती आणि मी तिला त्याच वाकड्या अवस्थेत पक्कं करून टाकलं होतं. ते सगळं वेल्डिंग कापून पहिल्यापासून करावं लागलं. तीन महिने त्यात गेले.

आता मी काम या क्रमाने करतो. आधी गाडी सपाट टेकवायची आणि पाण्याच्या लेव्हलने चारही कोपरे तपासायचे. मग सस्पेंशनच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करायच्या आणि त्या खुणांमधले कर्ण मोजायचे. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे जाणारे दोन्ही कर्ण सारखे आले तर सांगाडा चौकोनी आहे. आकडे वहीत. दारं जागेवर हवीत आणि त्यांच्या फटी सारख्या हव्यात. गाडी आधीच खचलेली असेल तर मधोमध लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने केसभर उचलायची, फटी सारख्या होईपर्यंत. त्यानंतर दाराच्या चौकटीत आडवा चौकोनी पाइप डागायचा, एक टोक बिजागरीच्या खांबाला, दुसरं कडीच्या खांबाला, आणि तो आतल्या बाजूने, म्हणजे पाइप असतानाही दार बसवता येतं. एवढं झाल्यावर ग्राइंडर हातात घ्यायचा.

एका वेळी एकच सिल. जुनी पूर्ण उडवून देण्याआधी नवी शेजारी धरून बघा. नवे पत्रे बऱ्याचदा जसेच्या तसे बसत नाहीत, थोडं कापावं, थोडं ठोकावं लागतं. क्लॅम्पने नवी सिल धरली की दार बसवून बंद करून बघा. टाके मारले की परत दार. अर्धं वेल्डिंग झालं की परत दार. दार काढण्या-घालण्याचा कंटाळा येतो, पण फट बिघडली तर ती इथंच कळते.

वेल्डिंग शिकायचं तर टाकाऊ पत्र्यावर शिका. गाडीचा पत्रा मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. त्यावर लांब रेघ ओढत गेलात की भोक पडतं किंवा पत्रा उष्णतेने लाटांसारखा वाकतो. मिग वेल्डिंगला (यात तार आपोआप पुढं येते) ०.६ मिलिमीटरची तार लावा, दोन-तीन सेंटिमीटरवर एकेक टाका मारा, एक इथं, पुढचा दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या जागा हळूहळू भरत या. दोन टाक्यांच्या मध्ये पत्र्याला हात लावता येईल इतका तो निवू द्या. चांगल्या पत्र्यापर्यंत कापत जा. पातळ, खड्डे पडलेल्या पत्र्यावर टाका धरत नाही. बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक भाग आधीच काढून ठेवा.

एक इशारा कळकळीने देतो. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर कधीही वेल्डिंग करू नका. त्याच्या वाफेतून उष्णतेने फॉस्जीन नावाचा जीवघेणा वायू तयार होतो. वेल्डिंगआधी पुसायला क्लोरीन नसलेलंच द्रावण घ्या, आणि तेही पूर्ण वाळू द्या.

दोन पत्रे एकमेकांवर बसतात त्या जागी जस्ताचा, वेल्डिंग झेलणारा प्रायमर लावा. रंगकाम झाल्यावर सिलच्या पोकळीत लांब नळीने मेण फवारा, ते खालच्या भोकांतून बाहेर ठिबकेपर्यंत. पाणी निघून जायची भोकं मात्र नंतर तारेने मोकळी करा. लांबी ही मिलिमीटरभर उंचसखलपणा झाकायला असते, भोक बुजवायला वापरायची नाही.

ब्रेक

इंजिनाआधी ब्रेक करा. चालणारी पण न थांबणारी गाडी अंगणातही धोक्याची.

जुन्या ब्रेक शू आणि पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेच्या झोताने उडवायची नाही, कोरड्या ब्रशने झाडायची नाही. पाण्याने भिजवा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बंद करून टाका, आणि तोंडावर धुळीचा चांगला मास्क हवाच.

रबरी नळ्या सगळ्या बदला, बाहेरून कितीही चांगल्या दिसोत. त्या आतून फुगतात. पेडल दाबलं की तेल जोराने पुढं जातं, पण परत येत नाही, आणि चाक धरून बसतं. लोक मग महिनाभर कॅलिपर दुरुस्त करत बसतात. ब्रेक सिलिंडरच्या आत बोटाला खड्डे लागले तर नुसते रबर बदलून भागत नाही, सिलिंडरच बदला किंवा आत बाही बसवून घ्या.

डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ब्रेकची तेलं हवेतली ओल शोषतात आणि सांडली तर रंग खातात. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही. आकडे जवळचे असल्यामुळे घोटाळा होतो, डबा नीट वाचा. हवा काढताना साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून (पेडलला जोडलेला मुख्य सिलिंडर) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, तरी तुमच्या गाडीचं पुस्तक काय सांगतं ते पाहा. जुनाच मास्टर सिलिंडर ठेवला असेल तर पेडल जमिनीपर्यंत दाबू नका. वर्षानुवर्षं न वापरलेल्या गंजक्या भागावरून सील सरकतं आणि फाटतं.

इंजिन आणि कार्बोरेटर

कॉम्प्रेशन चांगलं, तेलाचा दाब चांगला, धूर नाही, अशी इंजिनं विनाकारण खोलू नयेत असं माझं मत आहे. गॅस्केट, सील, नळ्या, बेल्ट, तेल, वॉटर पंप, एवढं करा आणि गाडी चालवून बघा. खोलायचंच असेल तर बेअरिंगच्या टोप्या आणि व्हॉल्व्ह हलवणारे पुशरॉड आणि टॅपेट ज्या जागेवरून निघतात त्याच जागी परत जायला हवेत. मोजमाप आणि घासकाम यंत्रशाळेकडे द्या, जोडणी स्वतः करा. हेडचे नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत, पुस्तकातल्या आकड्यापर्यंत.

आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची रबरं इथेनॉल झेलणारी घाला. शिशाच्या पेट्रोलच्या काळातल्या इंजिनाचं हेड उघडलंच असेल, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या खाली कडक सीट बसवून घ्या.

जुन्या ब्रिटिश गाड्यांवर दिसणारे एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर असतील तर त्यांचा मेळ घालणं हा या कामातला फार सुंदर भाग आहे. एअर फिल्टर काढा, दोघांना जोडणारा दांडा सैल करा आणि रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरा. सुस्कारा ऐकू येतो. दुसऱ्याचा ऐका. दोन्ही सुस्कारे सारखे होईपर्यंत एकेका स्क्रूला किंचित फिरवा. मग मिश्रण: कार्बोरेटरच्या आतला पिस्टन साधारण एक मिलिमीटर वर उचला. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन मरायला लागलं तर कमी आहे. क्षणभर किंचित वाढून परत जागेवर आलं तर बरोबर. एकदा कानाला सवय झाली की हे काम करायला तुम्ही निमित्त शोधाल.

वायरिंग आणि रंग

वायरिंगमधल्या बहुतेक तक्रारी सांगाड्याशी असलेल्या जोडणीच्या असतात. दिवा मंद लागतो, इंडिकेटर लावला की ब्रेक लाइट लुकलुकतो, असं दिसलं की आधी त्या दिव्याचा अर्थ, म्हणजे सांगाड्याला जोडलेलं टोक, घासून चकचकीत करा. नव्या रंगावर अर्थ बसत नाही, तेवढी जागा खरवडावी लागते. सुरुवातीच्या एमजीबीमध्ये बॅटरीचं धन टोक सांगाड्याला जोडलेलं असे, १९६७च्या सुमारास ते उलटं झालं. बॅटरी जोडण्याआधी तुमची गाडी कुठल्या प्रकारची ते बघाच. जुन्या गाड्यांत फ्यूज फार थोडे असतात. हेडलाइटला रिले आणि वेगळे फ्यूज द्या.

रंगाची तयारी तुम्ही करा, फवारा जाणकाराकडे द्या. दोन भाग मिसळून मारायच्या रंगात आयसोसायनेट असतात. साधा मास्क त्यांना पुरत नाही, बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. घासकामात मात्र पैसे वाचतात आणि समाधानही मिळतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पाणी लावून घासा.

जोडणी आणि पहिल्या फेऱ्या

सस्पेंशनचे रबरी बुश बसवताना बोल्ट हवेत लटकत्या चाकांवर पक्के आवळू नका. नुसते हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा दाबून बसू द्या आणि मग टॉर्क पाना लावा. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. पक्का केलेल्या प्रत्येक बोल्टावर रंगाची एक रेघ ओढा. ढिला झाला तर लांबूनच दिसतो.

टायरला नक्षी भरपूर आहे म्हणून तो चांगला असं धरू नका. बाजूवरचे चार आकडे वाचा: ३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५वा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर २०००च्या आधीचा, तो लगेच काढा.

पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून, ठिणगी बंद ठेवून स्टार्टर फिरवा, तेलाच्या दाबाचा काटा उचलेपर्यंत. मगच प्लग लावा. कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे असतील तर इंजिन सुरू झाल्याबरोबर मिनिटाला २००० ते २५०० फेऱ्यांवर न्या आणि २० मिनिटं तसंच ठेवा. मंद चालीवर सोडलं तर कॅमला तेल कमी मिळतं आणि तो पहिल्याच दिवशी खराब होतो.

पहिली फेरी ५ किलोमीटरची, मग २०, मग १००. प्रत्येक फेरीनंतर गाडीखाली पुठ्ठा पसरा आणि सकाळी त्यावरचे डाग बघा. ब्रेक ड्रमजवळ हात न लावता धरून एखादं चाक जास्त तापलंय का ते पाहा. हेडचे नट थंड इंजिनावर परत तपासा, त्यानंतर टॅपेटची फट. इंजिन खोलून परत जोडलेलं असेल तर ५०० किलोमीटरवर तेल बदला.

पहिला पाऊस झाला किंवा गाडी धुतली की लगेच दारांच्या खालच्या कडा बघा. काचेच्या फटीतून दारात पाणी जाणारच, ते खालच्या भोकांतून ठिबकत असलं पाहिजे. ठिबकत नसेल तर बारीक तार घ्या आणि त्याच दिवशी ती भोकं मोकळी करा.